टास्मानियात एकटीने सहा दिवसांचा ट्रेक (ओव्हरलँड ट्रॅक): तयारी कशी करू?

सातमाळा_सखी:
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मी नाशिकची, वय 34. दहा-बारा वर्षं सह्याद्रीत फिरतेय, सातमाळा रांग तर अंगणच आहे म्हणा, अलंग-मदन-कुलंग दोनदा झालंय, हिमालयात गोएचाला आणि हामटा. पुढच्या फेब्रुवारीत मावसबहिणीकडे मेलबर्नला जायचंय आणि तिथून टास्मानियातला ओव्हरलँड ट्रॅक करायचं डोक्यात बसलंय. क्रेडल माउंटनपासून लेक सेंट क्लेअरपर्यंत, 65 किलोमीटर, साधारण सहा दिवस. (तिकडे ट्रेकला बुशवॉक म्हणतात, मला आधी वाटलं झुडपांतून फेरफटका वगैरे असेल, मग फोटो बघितले.) बहिणीची पोरं लहान आहेत त्यामुळे ती येणार नाही, म्हणजे एकटीच. सोलो मी इथे एक-दोन मुक्कामांचं केलंय पण ते आपल्या डोंगरात, खाली कुठे ना कुठे गाव दिसतंच.

प्रश्न असे की 15-16 किलोची सॅक घेऊन सहा दिवस जमेल का, खाणं इथून न्यावं का, आणि रेंज नसताना काही झालं तर काय? एक मित्र म्हणतोय दुबईहून येताना सॅटेलाइट मेसेजवालं डिव्हाइस आणून देतो, ते घेऊ का? साप कितपत असतात? आणि आईला काय सांगायचं हा ऑप्शनला टाकलेला प्रश्न.

दक्षिणवारा:
मी मेलबर्नलाच असतो, हा ट्रॅक दोनदा गेलोय, म्हणजे खरं सांगायचं तर दीडदा. ते खाली येतंच.

आधी बुकिंगचं सांगतो कारण लोक उलटं करतात, विमानाचं तिकीट आधी काढतात. 1 ऑक्टोबर ते 31 मे या काळात निघायची तारीख बुक करावी लागते, उत्तरेकडून दक्षिणेकडेच चालायचं, आणि एका दिवशी स्वतंत्र चालणारे 34 च जण सोडतात. बुकिंग साधारण जुलैत उघडतं आणि चांगल्या तारखा पटकन जातात. नॅशनल पार्कचा पास वेगळा लागतो. आधी तारीख हातात घे, मग तिकीट. फेब्रुवारी-मार्च निवडलास ते चांगलं केलंस, त्यातल्या त्यात हवा तेव्हा शहाण्यासारखी वागते.

आता दीडदा का ते. पहिल्या वेळी जानेवारीत गेलो होतो, तिकडचा भर उन्हाळा. पहिलाच दिवस सगळ्यात चढाचा, रॉनी क्रीकहून मॅरियन्स लुकआउटपर्यंत चढायचं, मध्ये साखळ्या धरायला आहेत, तुला अलंगनंतर त्याचं काही वाटणार नाही. खरी गंमत वर पोचल्यावर. वरती उघडं पठार, एक झाड नाही की आडोसा नाही, आणि पश्चिमेचा वारा थेट समुद्रावरून येतो. मी पोचलो तेव्हा पाऊस आडवा पडत होता, अर्ध्या तासात त्याचं बर्फाळ पाणी झालं. माझं जॅकेट नवीन होतं, महाग होतं आणि खांद्यातून गळत होतं. किचन हट म्हणून एक छोटी लाकडी झोपडी आहे, फक्त अडीअडचणीला थांबायला. तिच्यात शिरलो आणि सॅकची चेन उघडायला गेलो तर बोटं वळेनात. दाताने चेन उघडली. तिथे बसून गरम पाणी प्यायलो, कोरडं काय उरलंय ते बघितलं (काहीच नाही, स्लीपिंग बॅगसुद्धा खालून ओली) आणि परत फिरलो. बुकिंगचे पैसे गेले, ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं ती लाज वेगळी. पुढच्या वर्षी परत गेलो आणि सहा दिवस लख्ख ऊन, सनस्क्रीन लावूनही नाक सोललं.

म्हणून तुझा 15 किलोचा प्रश्न मला दुय्यम वाटतो, ते तुला जमेल. आपण पावसात भिजलो की मजा येते कारण आपला पाऊस कोमट असतो गं. हरिश्चंद्रगडावर दिवसभर भिजून रात्री गुहेत चहा पिता येतो. तिथे तीन-चार डिग्रीत भिजलीस आणि वारा लागला की तासाभरात माणूस चुकीचे निर्णय घ्यायला लागतो आणि त्याचं त्यालाच कळत नाही. ग्रुपमध्ये असलं की दुसरा ओळखतो, बाबा हा अडखळतोय, बडबडतोय. एकटीला कोण सांगणार? म्हणून थरथर सुरू झाली की थांबून कोरडं अंगात घालायचं आणि खायचं, हे आधीच ठरवून टाक. तेव्हा ठरवू म्हणालीस तर तेव्हा डोकं चालत नाही.

कपड्यांत कॉटन अजिबात नको. लोकरीचे किंवा सिंथेटिक थर्मल, फ्लीस, हूडवालं चांगलं रेन जॅकेट आणि वॉटरप्रूफ पँट. पोंचो म्हणजे आपलं इरलं, वाऱ्यात उलटं होऊन तोंडावर येतं, ते घरी ठेव. सॅकवरच्या रेनकव्हरवर विसंबू नकोस, ते पाठीकडून पाणी आत घेतंच. सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाल, त्यात स्लीपिंग बॅग आणि एक जोड कपडे. तो जोड फक्त मुक्कामाचा. सकाळी कितीही जिवावर आलं तरी ओले कपडे परत चढवायचे आणि निघायचं.

तंबू न्यावाच लागतो, वाटेत हट (मुक्कामाच्या झोपड्या) असल्या तरी. हटमध्ये जागा पहिल्या येणाऱ्याला, आणि मध्येच हवा बिघडली तर तंबू हाच जीव.

कोकणकडा_82:
वरच्या प्रतिसादाला +1.
पण ताई स्पष्ट बोलतो, राग मानू नका. गोएचाला आणि हामटाला किचन टेंट होता ना? सामान खेचरावर, सकाळी बेड टी, रात्री सूप आणि पापड. म्हणजे उंची तुमच्या पायाला माहीत आहे पण सहा दिवसांचा संसार पाठीवर घेऊन रोज तंबू लावणं, स्वैपाक, भांडी, परत भरणं हे तुम्ही सलग केलेलं नाही. मीही केलं नव्हतं, आणि पहिल्यांदा केलं तेव्हा चालण्यापेक्षा ह्या हमालीनेच दमलो.
टास्मानियातच थ्री केप्स ट्रॅक आहे, 48 किलोमीटर, चार दिवस तीन रात्री. केबिन, गादी, गॅस शेगडी सगळं तिथे असतं, तंबू लागत नाही. समुद्राचे कडे एकदम जबरी. आधी तो करा की.

सातमाळा_सखी:
कोकणकडा, राग नाही, पापडाचं अगदी खरंय 😄 आमच्या कुकने चार हजार मीटरवर केकसुद्धा केला होता. थ्री केप्स बघितला पण मला तंबूचंच करायचंय. हमालीची सवय आधी इथे करून घेते.
दक्षिणवारा, तुमचा प्रतिसाद वाचून पोटात गोळा आला, पण बरं झालं. एवढं ऐकून परत फिरायची लाज कमी वाटेल.

शिदोरी:
मी पर्थला, टास्मानियाला फिरायला गेलेय, ट्रॅक नाही केला, पण खाण्याचं आणि कस्टमचं सांगू शकते कारण सासूबाई आल्या की दर वेळी माझी परीक्षा असते.

ऑस्ट्रेलियात उतरताना कार्डावर खाण्याचं सगळं लिहायचं, शंका असली तरी लिहायचं. लिहून दाखवलेलं फार तर काढून घेतात, लपवलेलं सापडलं तर दंड. पेढे, बर्फी, गुलाबजाम असलं दुधाचं नेऊच नकोस. बुटांना आणि तंबूच्या खुंट्यांना लागलेली माती टूथब्रशने घासून काढ आणि वापरलेले बूट आहेत हेही लिही, ते बघतात. आणि गंमत म्हणजे मेलबर्नहून टास्मानियाला देशांतर्गत विमानाने गेलीस तरी तिथे पुन्हा तपासणी, ताजी फळं-भाज्या आत नेता येत नाहीत, वास घेणारे कुत्रे असतात. आमच्या ह्यांच्या खिशातलं सफरचंद तिथेच राहिलं.

म्हणून भारतातून फार काही आणू नकोस, बहिणीच्या स्वैपाकघरात पॅक कर. मेलबर्नमध्ये इंडियन दुकानात पोहे, रवा, मुगाची डाळ सगळं मिळतं. भाजलेल्या रव्याचं उपमा मिक्स, तांदूळ-मूगडाळ भाजून भरडून खिचडीचं पीठ, सुकं पिठलं, एकेका वेळचं एकेका पिशवीत. दिवसाला 700-800 ग्रॅमचा हिशोब धर आणि एक दिवसाचं जास्तीचं. कुकर नाही त्यामुळे डाळ भरडल्याशिवाय नेऊ नकोस, गॅस संपेल पण ती शिजायची नाही. गॅसचं कॅनिस्टर विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाही, टास्मानियात लॉन्सेस्टनला उतरल्यावर घे. ट्रॅकवर शेकोटी बंद आहे, स्टोव्हच वापरायचा. कचराकुंडी कुठेच नाही, रिकाम्या पिशव्या परत वाहायच्या.

दक्षिणवारा:
शिदोरी यांचं भरडलेल्या डाळीचं सोन्यासारखं आहे. पाण्याचं राहिलं, हटपाशी पावसाच्या पाण्याच्या टाक्या आहेत, उकळून घे म्हणजे झालं.

डिव्हाइसचं: दुबईचं ते अजिबात घेऊ नकोस. आपल्याकडे परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तसलं मेसेंजर बाळगणं बेकायदा आहे. ट्रेकर लोकांचं नेहमीचं छोटं डिव्हाइस बॅगेत सापडलं म्हणून परदेशी पर्यटकांना विमानतळावर अडकवल्याच्या बातम्या येतात, गोव्याला 2024 मध्येच झालंय. ऑस्ट्रेलियात तेच सर्रास चालतं, म्हणून बहिणीकडे कुणाचं असेल तर तिथलं तिथे वापर, नाहीतर पीएलबी (पर्सनल लोकेटर बीकन) भाड्याने घे, टास्मानियात मिळतो. मुठीएवढा डबा, अँटेना उघडून बटण दाबलं की सॅटेलाइटमार्फत बचावपथकाला तुझी जागा कळते. त्यावर मेसेज वगैरे येत-जात नाही. पाय मोडला तर दाबायचा, पाय दुखतोय म्हणून नाही. सॅकच्या तळाशी ठेवू नकोस, अंगावर ठेव. आणि हवा खराब असेल तर हेलिकॉप्टर लगेच येत नाही, तोपर्यंत तंबूत कोरडं राहायचं, म्हणजे फिरून गाडी तिथेच.

बहिणीला कागदावर लिहून दे: कुठल्या दिवशी कुठल्या हटला, तंबूचा-जॅकेटचा रंग, आणि अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर टास्मानिया पोलिसांना कळव. ती वेळ अर्धा दिवस पुढची दे, नाहीतर तू शेवटच्या दिवशीच्या तळ्यातल्या बोटीत बसून चिक्की खात असशील आणि इकडे शोध सुरू. प्रत्येक हटमध्ये वही असते, तिच्यात नाव लिहायचं.

एकटीची भीती मात्र फार धरू नकोस. सगळे एकाच दिशेला चालतात त्यामुळे रोज संध्याकाळी तेच चेहरे भेटतात. दुसऱ्या दिवसापर्यंत अर्ध्या लोकांची नावं पाठ होतात आणि कोण घोरतो तेही.

जळूमास्तर:
सापाचं मी सांगतो. टास्मानियात सापाच्या तीनच जाती, टायगर, कॉपरहेड आणि व्हाइट-लिप्ड, तिन्ही विषारी. उन्हाच्या दिवशी वाटेवरच्या लाकडी फळ्यांवर ऊन खात पडतात. थांबायचं, जाऊ द्यायचं. जाड पँट किंवा गेटर्स (बुटावरून पिंडरीपर्यंत चढवायचं कव्हर) घाल, चिखलालाही उपयोग होतो.

एक फरक नीट लक्षात घे. तिकडे चावला तर रुंद इलास्टिक बँडेज चावल्या जागेवरून सुरू करून अख्खा हात किंवा पाय घट्ट गुंडाळायचा, काठी बांधून हलू द्यायचा नाही, जखम धुवायची नाही आणि चालायचं नाही. आपल्याकडे घोणस-फुरशाला हे असं आवळायचं नसतं, म्हणून इथे शिकलेलं तिथे आणि तिथलं इथे चालवू नकोस. दोन बँडेज सॅकमध्ये ठेव. स्वतःच्या पायाला स्वतः गुंडाळायची प्रॅक्टिस घरी कर, एकटीला तेच करावं लागणार. जळवा वासोट्याला बघितल्या असशीलच, त्यांची काय ओळख करून द्यायची.

खरा दरोडेखोर दुसराच आहे. ब्लॅक करावाँग नावाचा पक्षी, डोमकावळ्यासारखा दिसतो, पिवळे डोळे. तो सॅकची चेन उघडतो. टोचून फाडत नाही, व्यवस्थित चेन ओढून उघडतो! चौथ्या दिवशी पेलियन गॅप या खिंडीत सगळे सॅक खाली ठेवून माउंट ओसाला जातात (1617 मीटर, टास्मानियातलं सगळ्यात उंच शिखर, जाऊन-येऊन चार-पाच तास). परत आलो तर माझे खजूर गायब आणि टॉयलेट पेपर झुडपावर पसरलेला. रेनकव्हर घट्ट लाव, चेनी आतल्या बाजूला येतील अशा ठेव.

सातमाळा_सखी:
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं की पावसाळ्यात भंडारदऱ्याला भर पावसात दोन रात्री एकटीने तंबू टाकणार, जॅकेट गळतंय का ते तिथेच कळेल. मेलबर्नला उतरल्यावर बहिणीच्या घरून तीन-एक तासांवर विल्सन्स प्रॉमन्टरी आहे, तिथे एक मुक्काम पूर्ण सामानासह. आणि परतीच्या विमानाआधी तीन दिवस मोकळे ठेवतेय. सध्या सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या भरून रोज सकाळी पांडवलेणी चढते, काल पायरीवर एका आजोबांनी विचारलं, बाई दळण घेऊन वर कुठे चाललीस?
आईला अर्धं सांगितलंय. सापाचं वगळून.
एक शेवटचं, शेवटच्या दिवशी लेक सेंट क्लेअरच्या टोकाच्या नार्सिसस हटहून बोट घेतात तिची वेळ चुकली तर?

दक्षिणवारा:
बोटीचं आधीच बुकिंग कर. नार्सिसस हटमध्ये रेडिओ आहे, पोचलीस की त्यावरून सांगायचं की मी आले. चुकली तर एक रात्र तिथेच किंवा तळ्याच्या काठाने साडेसतरा किलोमीटर चालायचं, काही लोक मुद्दामच चालतात. मी बोट घेतली होती. गुडघे बोलायला लागले होते आणि पलीकडे हॉटेलात चिप्स मिळतात हे कुणीतरी तिसऱ्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.