मदत हवी आहे : ले ग्विन कोणत्या क्रमाने वाचायला द्यावी?

मंडळी, वाचनगटासाठी अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विनच्या पुस्तकांची यादी करतोय. 'अर्थसी' या तिच्या जादूच्या दुनियेवरच्या मालिकेतली पहिली तीन पुस्तकं (१९६८, १९७१, १९७२) सलग वाचून होतात. घोडं अडतं ते चौथ्यावर, म्हणजे 'तेहानू'वर. मध्ये १८ वर्षं गेलेली, जादू जवळपास नाहीच, शेळ्या आणि घरकाम जास्त. साहसाच्या अपेक्षेने आलेला वाचक तिथेच गळतो. (माझ्या मते तेच सगळ्यात भारी आहे, पण ते असो.) २००१ची दोन्ही पुस्तकं ('टेल्स फ्रॉम अर्थसी' हा कथासंग्रह आणि 'द अदर विंड' ही कादंबरी) कधी घ्यावीत? 'द अदर विंड'च्या आधी कथासंग्रहातली निदान 'ड्रॅगनफ्लाय' वाचायलाच हवी, नाहीतर आयरियन कोण हे कळत नाही. पूर्ण संग्रह द्यावा की तेवढी एकच कथा?

विज्ञानकथेत 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' घेतोय. सहाव्या प्रकरणात निवेदक बदलतो आणि तसं कुठे लिहिलेलंही नाही. शिवाय कथा घडते त्या गेथन ग्रहावर चालू वर्ष कायम पहिलंच, त्यामुळे तारखांचा गोंधळ. कालगणनेचं परिशिष्ट शेवटी आहे. ते आधी वाचायला सांगितलं तर मजा जाईल का?

आणखी एक. एखादी वनस्पती सगळ्या ऋतूंत, मुळापानाफुलासकट ओळखल्याशिवाय तिचं खरं नाव शिकता येत नाही, असं अर्थसीच्या पहिल्या पुस्तकात जादूगार ओजियन आपल्या शिष्याला, गेडला, बजावतो. त्याला जोडून मराठी निसर्गलेखन द्यायचंय. मारुती चितमपल्लींचं कोणतं पुस्तक आधी द्याल? 'पक्षीकोश' नको, तो संदर्भाला ठीक. सलग २०-२५ पानांचं प्रकरण सुचवलंत तर उत्तम.