मुलीला सप्लाय चेन शिकवावी का?

नमस्कार मंडळी,
थोरली यंदा बी.कॉम. झाली. पुढे सप्लाय चेन मॅनेजमेंट (कच्च्या मालापासून ग्राहकापर्यंत माल पोचवण्याचं नियोजन) करायचं म्हणते. हे म्हणतात, गोदामात पेट्या मोजायला एवढी फी कशाला भरायची? आणि गोव्यात राहून नोकरी मिळेल का? कोणी या क्षेत्रात असल्यास कृपया कळवा.
— एक आई, फोंडा

ताई, नमस्कार.
वेर्ण्याला एका औषध कंपनीत डिस्पॅच बघतो, 16 वर्षं झाली. एकदा आमच्याकडे नवी बॅच दाराजवळ रचली गेली, जुनी मागे राहिली. ट्रक भरायच्या घाईत पुढचीच उचलली. मोजणीत चूक सापडली तेव्हा मागच्या मालाची मुदत इतकी जवळ आली होती की कुणी वितरक तो घेईना. चांगली औषधं नष्ट करावी लागली. अजून वाईट वाटतं. औषधांत आधी आलेला माल आधी काढून भागत नाही. ज्याची मुदत आधी संपते तो आधी काढायचा. मागणीचा अंदाज, कच्च्या मालाची खरेदी, साठा किती ठेवायचा, हे सगळं त्या पेटीमागे असतं. तेच शिकायचं आहे.

नोकरीचं म्हणाल तर फक्त मुरगाव बंदरावर विसंबू नका. तिथे मुख्यतः कोळसा, खनिज असा सुटा माल. 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी थांबल्या तेव्हा सावर्डे-कुडचड्याचे ट्रक दारात उभे राहिलेले आपण पाहिलेत. औषध कारखान्यांत मात्र प्लॅनिंग, खरेदी, गोदाम, निर्यातीची कागदपत्रं अशी कामं आहेत. आमचे बरेच कंटेनर रस्त्याने मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराला जातात; ई-वे बिलात (मालवाहतुकीच्या जीएसटी कागदात) गाडीचा नंबर चुकला तरी गाडी वाटेत अडकते.

सुरुवातीला पगार बेताचा, महिनाअखेरीला रात्री उशीर. वर चढायचं तर काही वर्षं पुण्या-मुंबईला जायची तयारी हवी, हे तिला आत्ताच सांगा. शिक्षणासाठी आपल्या साखळी गावची जीआयएम (गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट) आहेच. मुंबईची निटी ही संस्था, जी 2023 पासून आयआयएम झाली, ती या विषयात फार जुनी. दोन्हीकडे कॅट ही प्रवेश परीक्षा चालते. पण फी भरण्याआधी तिला दोन महिने कुठल्याही गोदामात काम करू द्या, आणि एक्सेल पक्कं करून घ्या.

आमच्याकडे परवानगी काढून ठेवतो. महिनाअखेर सोडून कुठल्याही शनिवारी घेऊन या.

दादा, मनापासून आभार. येत्या शनिवारी येतो. ह्यांनाही आणते.