मराठीत शांत खेळलो तर वीस लोक, हिंदीत आरडाओरडा केला तर चारशे. खरा मी कुठला?

खान्देशी_प्लेअर
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण पूर्ण वाचा प्लीज. मी यूट्यूबवर गेम लाइव्ह करतो, जळगावचा आहे. सुरुवात मराठीतच केली होती, स्टोरीवाले गेम, एज ऑफ एम्पायर्स टू, आणि आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्सने बनवलेला राजी तर अख्खा लाइव्ह खेळलो, त्यातल्या त्या भिंतीवरच्या चित्रांपाशी थांबून गप्पा चालायच्या. पंधरावीस लोक असायचे पण रोज तेच, एकाची परीक्षा असली तर बाकीचे विचारायचे पेपर कसा गेला. मग मित्र म्हणाला बीजीएमआय (पबजीचा भारतासाठीचा अवतार, मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम) लाव आणि हिंदीत बोल, लावलं, एका क्लचची, म्हणजे हरता डाव एकट्याने जिंकल्याची क्लिप शॉर्ट्सवर पळाली आणि तिथून सगळं बदललं. आता तीनचारशे लोक लाइव्ह असतात, सुपरचॅट (लोक लाइव्हमध्ये मेसेजसोबत पाठवतात ते पैसे) येतात, घरचेपण गप्प झालेत कारण दर महिन्याला काहीतरी हातात पडतं. पण स्ट्रीमवर जो ओरडतो, प्रत्येक किलला खुर्चीतून उठतो, समोरच्या टीमला डिवचतो, तो मी नाही हो. मी मुळात कमी बोलणारा माणूस आहे. स्ट्रीम बंद झाली की अर्धा तास कोणाशी बोलावंसं वाटत नाही. जुन्या लोकांतले दोघंतिघंच राहिलेत. त्यात आता एका ॲपवाल्यांचा मेसेज आलाय, पैसे लावून खेळायचा गेम आहे, लिंक पिन करायची आणि मी जिंकतोय असं दाखवायचं, पैसे माझ्यासाठी भरपूर आहेत. तर प्रश्न असा की लोक टिकवून मला माझ्यासारखं खेळता येईल का, की दोन्हीतलं एकच मिळतं?

ओबीएस_वाला
ॲपचं आधी. हात लावू नको. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्राचा कायदा आलाय, पैसे लावून खेळायच्या गेमची जाहिरात करणं हाच गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. आणि कायदा बाजूला ठेवला तरी तुझ्या चॅटमध्ये निम्मी पोरं शाळेतली असणार, ती तुझ्या शब्दावर घरच्यांच्या फोनवरून पैसे टाकतील. दुसरं, तू यूसी गिव्हअवे करतोस का, म्हणजे गेममधलं विकतचं चलन फुकट वाटतोस का? करत असशील तर ते चारशे लोक तुझे की यूसीचे हे तुलाच माहीत नाही. एक आठवडा बंद करून बघ किती राहतात.

रात्रपाळी_गेमर
भावा मला वाटतं तू तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्यात, भाषा, गेम आणि आरडाओरडा. हिंदीत बोललास म्हणून तू खोटा होत नाहीस. पबजीचा स्ट्रीमर डायनॅमो म्हणजे आदित्य सावंत मुंबईचा मराठी मुलगा, हिंदीत 'पट्ट से हेडशॉट' म्हणत देशभर पोचला, गेमिंग यूट्यूबर मिथपॅट म्हणजे मिथिलेश पाटणकर, तोही हिंदीतच. आपण महाराष्ट्रातली पोरं लॉबीत रँडम लोकांशी हिंदीतच बोलत मोठी झालो, ती भाषा पण आपलीच आहे. आणि ओरडल्याशिवाय लोक येत नाहीत हेही खरं नाही. मॉर्टल म्हणजे नमन माथुर बघ, तोही मुंबईचाच स्ट्रीमर, त्याची ओळखच मुळात शांत आणि नम्र म्हणून झाली, आणि तो पबजीमधून, म्हणजे याच गेमच्या आधीच्या रूपातून वर आला.

सगळ्यात भारी उदाहरण बुद्धिबळाचं आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कॉमेडियन समय रैनाने चेस स्ट्रीम सुरू केलं तेव्हा कोणी म्हणालं असतं का की बुद्धिबळ बघायला हजारो पोरं रात्र रात्र बसतील? तो काही मोठा खेळाडू नव्हता आणि ते लपवतही नव्हता, हरायचा, शिकायचा, आणि समोर आपल्या नाशिकचा विदित गुजराथी, ग्रँडमास्टर, तो त्याच्या त्या मिश्किल शांत पद्धतीनेच बोलायचा. विदितने तिथे कॉमेडियन व्हायचा प्रयत्न केला नाही म्हणून तर लोकांना तो आवडला. मी त्यातून बुद्धिबळ खेळायला लागलो, आजही रोज खेळतो.

आता गेमचं. २८ जुलै २०२२ आठवतोय का? बीजीएमआय एका रात्रीत स्टोअरवरून गायब, परत यायला मे २०२३ उजाडला. त्याआधी सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली, फेब्रुवारी २०२२ मध्ये तसल्याच फ्री फायर गेमवर. प्रत्येक वेळी एकाच गेमवर उभे असलेले छोटे चॅनल मी डोळ्यांदेखत रिकामे होताना बघितलेत, आणि ज्यांचे लोक त्या माणसाशी बोलायला यायचे त्यांनी जीटीए लावला, काहीही लावलं, लोक थांबले. तुझे ते पेपर कसा गेला विचारणारे वीस जण त्यातले होते रे. तसे लोक गिव्हअवेने मिळत नाहीत, म्हणून मला त्यांची जास्त काळजी वाटते.

कोल्हापुरी_रश
वरच्यांशी पूर्ण सहमत नाही. तमाशातला सोंगाड्या स्टेजवर असतो तसा घरी असतो का? मग काय तो लोकांना फसवतो? स्ट्रीम हा पण खेळच आहे, लोक दिवसभर कामाला जुंपून रात्री दोन घटका हसायला येतात, त्यांच्यासाठी आवाज चढवला तर त्यात वाईट काय. सुपरचॅटमधले तीस टक्के यूट्यूबच ठेवतं, उरतात त्यात घर चालत असेल तर एवढ्यात मागे फिरू नको. वडील गप्प झालेत ही लहान गोष्ट नाही, आमच्याकडे अजून रोज विचारतात नोकरी कधी. एकच सांगतो, समोरच्या टीमला डिवचायचं बंद कर, त्याने चॅट घाण होतं आणि एकदा घाण झालं की मॉड (चॅटवर लक्ष ठेवणारे) कितीही ठेव, साफ होत नाही.

स्पाइक_प्लांट_ताई
मी व्हॅलोरंट हा शूटिंग गेम स्ट्रीम करते, फेसकॅम लावत नाही, कुठे राहते, कुठल्या कॉलेजात आहे काही सांगत नाही. सुरुवातीला चॅटमधून सारखं यायचं की चेहरा दाखव नाहीतर तू फेक. नाही दाखवला. तरी जे रोज येतात त्यांना माहितीय मी हरले की चिडते, कुठली गाणी लावते, कोणाला ब्लॉक करते आणि का करते. एवढं पुरतं.

रशदादांचं सोंगाड्याचं पटलं, पण सोंगाड्याचा वग संपतो हो. हा रोज चारपाच तास लाइव्ह आहे आणि चॅटमधला माणूस त्याच्याशी थेट बोलतोय, दादा माझं ब्रेकअप झालं म्हणून सांगतोय, आणि त्याला उत्तर त्याच ओरडणाऱ्या आवाजात द्यायचं? तिथे माणूस थकतो. स्ट्रीमनंतर अर्धा तास कोणाशी बोलवत नाही हे तू सहज लिहून गेलास पण मला सगळ्यात जास्त तेच खटकलं. आधी तास कमी कर, आठवड्यातले दोन दिवस पूर्ण सुट्टी, गर्दी थोडी घटेल, घटू दे.

आणि ब्रँडचं काही चांगलं आलं, हेडफोन वगैरे, तर घे की, त्यात लाजायचं काही नाही. फक्त लाइव्हमध्ये पैसे घेऊन करतोय हे पूर्ण वेळ स्क्रीनवर दिसलं पाहिजे आणि ज्या भाषेत बोलतोस त्याच भाषेत, ग्राहक संरक्षणवाल्यांचे जानेवारी २०२३ चे नियमच आहेत तसे. लोकांना जाहिरातीचा राग येत नाही, लपवल्याचा येतो.

खान्देशी_प्लेअर
सगळ्यांचे मनापासून आभार, ताई तुमचं वाचून खूप वेळ बसलो होतो. ॲपवाल्यांना आत्ताच नकार कळवला आणि नंबर ब्लॉक केला. बीजीएमआय सोडणार नाही, गेम मला खरंच आवडतो, पण उद्यापासून माझ्या नेहमीच्या आवाजात खेळणार आणि डिवचणं बंद. यूसी गिव्हअवे करतो, तोही थांबवतो. रविवारी रात्री मराठी स्ट्रीम परत सुरू करायची आहे, एज ऑफ एम्पायर्सच्या डायनॅस्टीज ऑफ इंडियामधली राजेंद्र चोळाची मोहीम राहिलीय माझी. त्यासाठी वेगळं चॅनल काढू की याच चॅनलवर?

ओबीएस_वाला
याच चॅनलवर. वेगळं काढलंस तर जाहिरातीचे पैसे मिळायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास वॉचटाइम पुन्हा शून्यापासून, सुपरचॅट चालू करायलासुद्धा ५०० सबस्क्रायबर आणि ३००० तास लागतात. टायटल आणि थंबनेल दोन्ही मराठीत ठेव म्हणजे बीजीएमआय समजून कोणी आत येऊन शिव्या देणार नाही. वेळ दर रविवारी एकच ठेव. शुक्रवारी कम्युनिटी पोस्ट टाक, आणि त्या जुन्या वीस जणांपैकी ज्यांची नावं आठवतात त्यांच्या कमेंटला जाऊन स्वतः रिप्लाय कर, आपोआप नोटिफिकेशन जाईल या भरवशावर बसू नको.

रात्रपाळी_गेमर
लिंक इथे टाक, मी येतो. त्या दिवसासाठी मराठी वाचता येणारा एक मॉड लागेल तुला, मला कर पाहिजे तर, रविवारी मला सुट्टी असते.