मदत हवी आहे: उठल्यावर बीपी पडतं, पाण्याचा उपाय कोणी केलाय का?

नमस्कार मंडळी. आम्ही कोथरूडला राहतो. बाबा ७४ वर्षांचे. सकाळी पलंगावरून उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते, परवा बेसिनला धरूनच खाली बसले. घरच्या मशीनवर आडवं असताना वरचं १४२, उभं राहून दोन मिनिटांनी ११०. तीन मिनिटांत वरचं २० किंवा खालचं १० ने उतरलं तर ते उभं राहिल्यावर बीपी पडणंच धरतात. प्रोस्टेटची गोळी चालू आहे, तिनेही असं होऊ शकतं, म्हणून ती दाखवायचीच आहे.

वाचनात आलं की अर्धा लिटर साधं पाणी भरभर प्यायलं तर अशा लोकांचं बीपी पाचेक मिनिटांत चढू लागतं, अर्ध्या तासाच्या आसपास सर्वांत जास्त असतं, मग तासाभरात ओसरतं. घोट घोट पिऊन तो परिणाम मिळत नाही म्हणे. पण बाबांचं म्हणणं, "एवढं पाणी ढोसलं तर पर्वतीच्या पायऱ्या चढू की आडोसा शोधू?" मुद्दा अगदीच चूक नाही!

कोणाच्या घरी हे केलंय का? उठण्याआधी पलंगावर बसूनच प्यायचं ना? हृदय, किडनी ठीक आहे, पाण्यावर बंधन नाही. आणि आधी फिजिशियन की थेट न्यूरॉलॉजिस्ट? टिल्ट टेबल टेस्ट (टेबलावर झोपवून ते तिरकं उभं करत बीपी बघतात ती) कोथरूड-कर्वे रोडच्या बाजूला कुठे होते, तेही सांगा. बाबांना रिक्षात फार वेळ बसवत नाही.