तुमचं नाव कुठून आलं? दुर्मिळ नावांचे अनुभव

धागाकर्ती, चरई (ठाणे):

माझ्या मुलाचं नाव अपरादित्य. दवाखान्यात, क्लासमध्ये, सोसायटीच्या गेटवर ते आधी 'आदित्य' होतं, मग आम्ही पुढचं 'अपर' जोडून देतो. हल्ली वर्गाच्या यादीत आरव, विहान, अद्विक यांची रांग असते. त्यात हे नाव आलं की वाचणारी बाई थांबते, आणि ते थांबणं मला मनापासून आवडतं, कारण पुढचा प्रश्न 'म्हणजे काय?' हाच असतो.

ठाणे ही उत्तर कोकणच्या शिलाहार राजांची राजधानी. त्यांच्या कोरीव लेखांत गावाचं नाव 'श्रीस्थानक' असं येतं. बाराव्या शतकात इथे पहिला अपरादित्य राज्य करत होता. अपर आदित्य, म्हणजे जणू दुसरा सूर्य. याज्ञवल्क्य स्मृती या धर्मशास्त्रग्रंथावरची एक मोठी टीका, म्हणजे विवेचन, त्याच्या नावावर आहे. तिला 'अपरार्क' म्हणतात; अर्क म्हणजेही सूर्यच. त्याचा तेजकंठ नावाचा पंडित दूत म्हणून थेट काश्मीरला गेला होता, याची नोंद तिथल्या मंख कवीने आपल्या काव्यात करून ठेवली आहे. रोज मासुंदा तलावाला वळसा घालून स्टेशन गाठणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे? मलाही नव्हतं. सासऱ्यांना इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी एकत्र केलेल्या शिलाहार लेखांचं वेड होतं, नाव त्यांनीच सुचवलं. त्याच घराण्यात झंझ, गोग्गी, छित्तराज, मुम्मुणी अशीही नावं आहेत. गोग्गी या नावाबद्दल ते एकदा बरंच काही सांगत होते आणि मी कुकरच्या शिट्ट्या मोजत अर्धवट ऐकलं. आता ते नाहीत, विचारू कुणाला?

म्हणून हा धागा. तुमचं किंवा घरातल्या कुणाचं नाव सहसा ऐकू न येणारं असेल तर लिहा. कुणी ठेवलं, का ठेवलं, त्या नावाने पुढे काय काय दाखवलं. आणि लिहिण्याआधी घरातल्या थोरांना विचारून घ्या.

सातारकर, कोपरखैरणे:

ताई, आमच्याकडे राजेरजवाडे नाहीत, पण लिहितो. माझे आजोबा धोंडीराम. मशीद बंदरला गोणी उचलायला गावाहून आले, नंतर बाजार वाशीला हलला तसं आमचं बिऱ्हाडही इकडे आलं. त्यांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती. चौथा मुलगा जगावा म्हणून पणजीने त्याला धोंडा म्हटलं. दगड-धोंड्याला कोण नेणार? दृष्ट लागत नाही, काळ फिरकत नाही. दगडू, केरबा, भिकू, उकिर्डा ही सगळी नावं त्याच भीतीतून आलेली. लोकांना ती ऐकून गावंढळ वाटतात. मला त्यात पोरं गमावलेल्या आया दिसतात. (धोंड्याच्या महिन्यात, म्हणजे अधिक मासात जन्मला म्हणूनही धोंडीराम ठेवतात. आमच्या घरात ते कारण नव्हतं.)

दुसरं नाव लिहायला जड जातं. आजोबांच्या धाकट्या बहिणीचं नाव नकुसा. आजोबांनंतर सगळ्या मुलीच होत गेल्या, ही 'नको होती', म्हणून नकुसा. असं नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो, ही समजूत. सातारा जिल्ह्यात २०११ च्या ऑक्टोबरमध्ये अशा २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं दिली, ती बातमी मी आत्याआजीला वाचून दाखवली होती. तेव्हा ती सत्तरीच्या पुढे. ती म्हणाली, "पोरींचं झालं ते ब्येस झालं. माझं आता ऱ्हाऊ दे. या नावानंच मी समद्यांचं केलं." आजोबांच्या आजारपणात शेवटपर्यंत उशाशी तीच होती. धोंडीराम जगावा म्हणून ठेवलेलं नाव आणि नकुसा नको म्हणून ठेवलेलं, दोन्ही एकाच घरातली, एकाच आईने ठेवलेली. हे नाव दुर्मिळ होत चाललंय याचा मला आनंद आहे. धागा आनंदाचा आहे हे कळतं, तरी हे इथे असायला हवं असं वाटलं.

इरावती, नौपाडा:

सातारकर, तुमचं वाचून लगेच पुढचं लिहायला हात धजत नव्हता. पण एक धागा जुळतो म्हणून लिहिते. महर्षी कर्वेही धोंडोच, धोंडो केशव. आणि त्यांच्या सुनेच्या नावावरून माझं नाव आलं आहे. इरावती कर्वे १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मल्या, वडील तिकडे नोकरीला होते, आणि तिथल्या इरावती नदीवरून मुलीचं नाव ठेवलं. माझ्या आईने मानववंशशास्त्र शिकताना त्यांचं लेखन वाचलं आणि तेव्हाच ठरवून टाकलं की मुलगी झाली तर इरावती.

लहानपणी वर्गात, इमारतीत मी एकटीच इरावती होते. आता 'इरा' एवढं नाव इतकं चालतं की आमच्याच मजल्यावर दोन छोट्या इरा आहेत. कुणी खालून हाक मारली की आम्ही तिघी डोकावतो! पण त्या दोघी नुसत्या इरा, पुढे 'वती' नाही. मला पूर्ण नावाने हाक मारणारी आता फक्त आई उरली आहे, आणि ती घाईत असली तरी एक अक्षर गाळत नाही.

झेलम, नेरूळ:

नद्यांची गोष्ट निघालीच आहे तर मीही. जन्मनक्षत्र उत्तराभाद्रपदा, तिसरं चरण, अक्षर 'झ'. आजीला अक्षर मोडायचं नव्हतं आणि झ वरून मुलीचं नाव सुचेना. बाबा तेव्हा लष्करात होते, रजेवर यायचे ते झेलम एक्स्प्रेसने. त्यांनी पत्रातून कळवलं, झेलम. आजोबांनी नकाशा काढून नदी शोधली, वेरीनागपासून बोट फिरवत नेलं आणि म्हणाले, हिचं मूळ नाव वितस्ता, काश्मीरमध्ये अजून व्यथ म्हणतात. आजीला अक्षर मिळालं, बाबांना त्यांची गाडी. ज्यांच्या वाट्याला ङ, ञ, ण येतात त्या घरांत काय करतात हे वाचायला आवडेल.

तापी, ऐरोली:

माझी तिसरी नदी. माहेर भुसावळकडचं. जन्म आषाढ शुद्ध सप्तमीचा, तापीमाईचा जन्मदिवस, त्यामुळे दुसऱ्या नावाचा विचारच झाला नाही. सूर्याची मुलगी, शनीची बहीण. खानदेशात जुन्या पिढीत तापीबाई पुष्कळ भेटतील, माझ्या वयाची मात्र मला अजून एकही भेटलेली नाही. शाळेत "आली डोक्याला ताप" हे रोजचं होतं. मी घरी येऊन रडले की आजी म्हणायची, "पुरात तिच्या समोर उभी राहा म्हणावं."

लग्नात ताटातल्या तांदळात नवऱ्याने अंगठीने 'तन्वी' लिहिलं. सासूबाईंना तापी हे नाव 'कामवालीसारखं' वाटत होतं. मी हसून मान डोलावली, तेव्हा बोलायचं असतं हेच माहीत नव्हतं. मग रेशनकार्ड तन्वी, बँक तन्वी, दहावीचं प्रमाणपत्र तापी. नोकरीच्या ठिकाणी कागद तपासायला घेतले तेव्हा टेबलापलीकडच्या माणसाने शांतपणे विचारलं, "मॅडम, या दोघींपैकी तुम्ही कोण?" त्या रात्री मी नवऱ्याशी पहिल्यांदा या विषयावर बोलले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, मला कुणी विचारलंच नव्हतं, आईने चिठ्ठीत दिलेलं नाव मी लिहिलं. प्रतिज्ञापत्र, राजपत्र, पुन्हा आधार, पुन्हा पॅन, सगळीकडे तो बरोबर आला. आता सासूबाईही तापी म्हणतात. अजून थोड्या अडखळतात, पण म्हणतात. माझ्यासाठी ते फार आहे.

धागाकर्ती, चरई:

तापी, तुमचं नवऱ्याला आणि सासूबाईंना वाचून दाखवलंत तर त्यांनाही बरं वाटेल. काही जणांनी नावबदलाची विचारणा केली आहे म्हणून थोडक्यात. नाव बदलायचं तर राज्य शासनाच्या राजपत्रात जाहिरात द्यावी लागते, अर्ज ऑनलाइन होतो. जन्म नोंदवताना बाळाचं नाव ठरलं नसेल तर बारा महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तेव्हा घाईने काहीतरी लिहून मोकळं होण्याची गरज नाही. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर स्वतःच्या नावानंतर आईचं, मग वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आला आहे.

सिप्पोरा, टेंभी नाका (ठाणे):

नाव वाचून बहुतेक जण मला ख्रिश्चन समजतात. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, ठाण्यातले जुने रहिवासी. आमचं इथलं सिनेगॉग (प्रार्थनास्थळ), शाआर हाशामाईम, १८७९ चं. घरात पिढ्यान् पिढ्या मराठीच. सिप्पोरा ही मोशेची बायको, हिब्रूत अर्थ पक्षीण. माझं नाव आजीच्या आईचं, अलिबागकडच्या गावातून आलेलं. कोकणात आमच्या लोकांनी हिब्रू नावांना इथलं वळण दिलं होतं. अब्राहमचा आबाजी झाला, सॅम्युएलचा सामाजी. घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी काम बंद, म्हणून गावाने आम्हाला 'शनिवार तेली' हे नाव दिलं, ते वेगळंच.

बारशाला पाळणा बांधून, मराठी पाळणा म्हणूनच नाव ठेवलं होतं. कुरकूर करायचं काही कारण मला या शहराने दिलं नाही, फक्त 'सिपोरा', 'शिप्रा', 'सपोरा' असं सगळं ऐकलं आहे. मंगळागौरीला बोलावणाऱ्या शेजारच्या काकूंनी तर सरळ चिमणी करून टाकलं, आणि अर्थ न सांगता! आमचे बरेच नातेवाईक इस्राएलला गेले. तिथे हे नाव त्सिपोरा म्हणतात, आणि तिकडच्या तरुण मुलींना ते आज्यांचं नाव वाटतं. तिथली भाची मला म्हणाली, "मावशी, तुझं नाव किती जुनं!" इथे ते कुणीच ऐकलेलं नाही आणि तिथे ऐकून ऐकून जुनं झालेलं. मलिदा करताना, पोहे-खोबरं कालवता कालवता, आई अजून पणजीच्या गोष्टी सांगते. यंदा फोनवर रेकॉर्ड करून घेणार आहे, हा धागा वाचून ठरवलं.

आगरी पोऱ्या, करावे (नवी मुंबई):

आमचे पणजोबा बुधाजी. बुधवारी जन्मले म्हणून बुधा. आमच्याकडे आणि ठाकूर-कातकऱ्यांकडे वारावरून नाव ठेवायची चाल होती. सोम्या, मंगळ्या, शुक्र्या, शनवार. पंचांग, अक्षर काही नको, ज्या दिवशी आला त्या दिवसाचा झाला.

साधं नाव, पण त्याने घरातल्या सगळ्यांना कामाला लावलं. जमिनी शहरासाठी संपादित झाल्या, पुढे त्यांच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी वारसांचे कागद जमवायची वेळ आली. जुन्या सातबाऱ्यावर पणजोबा 'बुध्या', फेरफारात 'बुधा', मतदार यादीत 'बुधाजी'. तिघे एकच, हे दाखवायचं कसं? गावात दुसरेही बुधा होते, बुधवार काय एकट्याचा नसतो. काकांनी जुन्या माणसांची प्रतिज्ञापत्रं घेतली. त्यातल्या एका आजोबांनी सांगितलेलं मला पाठ आहे: "बुध्या आमी हाक मारताना, बुधाजी देवलात पावती फाडताना." तलाठ्याने हाक मारायचं नाव लिहिलं, देवळाच्या वहीत मानाचं उतरलं, एवढीच गोष्ट. शेवटी देवळाची ती वहीच कामाला आली, तिच्यात बापाचं नावही होतं.

माझ्या मुलाचं नाव अथर्व. घरात आजी त्याला बुधा म्हणते, तोही बुधवारचाच. गावातली अशी नावं मी वहीत उतरवायला घेतली आहेत: जोमा, गोमा, पोशा, हाशा, चांगुणा. बायकांची नावं फार कमी मिळताहेत, जुन्या सातबाऱ्यांवर ती क्वचितच असतात. सारसोळे, दिवाळे, शिरवणे, तुर्भे, जुईनगर बाजूच्या कुणाला आज्या-पणज्यांची नावं आठवत असतील तर इथेच लिहा, गावाच्या नावासकट.