मंडईतलं स्टील गिटार: रेकॉर्डिंगात मींड कुठे हरवते

भाऊ, मंडईच्या (दिवाळीनंतरच्या जत्रेच्या) रात्री केलेल्या रेकॉर्डिंगात मांडीवरच्या स्टील गिटारची मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, ऐकू येत नाही, नुसती घूं घूं येते, असं तुम्ही लिहिलंय. मोबाइल बहुतेक भोंग्यासमोर होता. ढोलकीची थाप पडली की मोबाइल आपोआप सगळाच आवाज दाबतो आणि मींडीची शेपटी नेमकी त्यातच जाते. माइक गिटारच्या अ‍ॅम्पच्या स्पीकरपासून ८-१० सेंमीवर ठेवा. शंकूच्या मधोमध मात्र नको, थोडा कडेला. मधोमध बारची (तारांवर सरकवायच्या धातूच्या दांड्याची) खरखर कानाला टोचते.

घूं घूं विजेची आहे. सिंगल कॉइल पिकअप (तारांची थरथर पकडणारा, एकाच वेटोळ्याचा भाग) जवळच्या ट्रान्सफॉर्मरची, मंचावरचे दिवे मंद करणाऱ्या डिमरची गुणगुण ओढून घेतो. वाद्य जागच्या जागी फिरवत जा; एका कोनात ती बरीच पडते, तोच कोन धरून बसा. फरकच पडला नाही तर अर्थिंग पाहा. आवाज थांबवायला प्लगची अर्थ पिन कधीच काढू नका, जिवावर बेतेल.

दिवाळीनंतरच्या थंडीत तारा आकसून सूर चढतो, म्हणून वाद्य आधी मंचावर नेऊन ठेवा, अर्ध्या तासाने सूर लावा.

कान तयार करायला ‘हवाई कॉल्स’ ऐकाच. १९३५ साली हवाईतल्या वायकिकीच्या मोआना हॉटेलातून सुरू झालेलं हे थेट रेडिओ प्रसारण १९७५ मध्ये बंद झालं, त्याची जुनी रेकॉर्डिंगं ऐका. दोन सुरांतलं अंतर तिथे बार तिरका धरून बदललेलं ऐकू येतं. तसं वाजवायला आवाज कमी-जास्त करणारं पेडल चालतं. सूर बदलणारं पेडल नसलं की झालं.