मदत हवी आहे : जीपीएस यंत्र ज्वारीच्या रानात नेऊन सोडतंय

जुळेसोलापूरकर (बुधवार, रात्री 10:42)
सरळ मुद्द्यावर येतो. जिओकॅशिंगचा डबा शोधायला जीपीएस यंत्र घेऊन गेलो. यंत्र म्हणतं पोचलात, आणि मी उभा कुठं, तर कुणाच्या तरी ज्वारीत. दोन रविवार असेच गेले. दुसऱ्या रविवारी रानमालक पाखरं हाकत बसला होता. हातात यंत्र, मान खाली, ज्वारीत गोल गोल फिरणारा माणूस आणि मागं नऊ वर्षांची पोरगी बघून त्यानं विचारलं, "पाणी बघालाव का काय?" पाणाड्या समजला मला.
फाइल पण आहे, पण ती यंत्रात जात नाही. येत्या रविवारी मुलीच्या चार मैत्रिणी येणार आहेत. त्यांच्यासमोर शोभा नको. लवकर सांगा, काय करू?

शेंगाचटणी (10:51)
कुठलं यंत्र? कुठली फाइल? कुठलं रान? डबा कुणाचा? मालक, दवाखान्यात जाऊन "दुखतंय" एवढंच सांगता का?

गडभटक्या (10:58)
यंत्र कपाटात ठेवा आणि फोन वापरा. अँड्रॉइडवर सी:जिओ नावाचं अॅप फुकट आहे, जीपीएक्स म्हणजे जागांचे आकडे असलेली फाइल थेट उघडतं. किंवा ऑसमअँड. मी सगळे किल्ले फोनवरच केले. 2024 चालू असतानाच लोकांनी ही खेळणी विकून टाकली.

जुळेसोलापूरकर (11:05)
यंत्र गार्मिनचं आहे, पिवळं-काळं. वर ईट्रेक्स 10 लिहिलंय. मेहुण्यांकडून आणलंय. फाइल जीपीएक्सच, मित्राने व्हॉट्सॅपवर पाठवलेली. डबा त्यानेच संक्रांतीला आला तेव्हा ठेवला, माझ्या मुलीसाठी. आता तो बोटीवर आहे, दहा-बारा दिवस फोन लागणार नाही. तुळजापूर रोडला, हिप्परग्याच्या अलीकडे माळ आहे तिकडं.
@गडभटक्या, फोनचा काय भरवसा. यंत्र पोरीला आवडलंय, आणि तेवढ्यासाठीच मागून आणलंय.

वाट्टेल_ते (11:09)
जिओकॅशिंग म्हणजे काय ते कुणी सांगेल का? आधी वाटलं जिओ सिमचं काहीतरी कॅशबॅक आहे.

सॅटेलाइट_काका (11:31)
@वाट्टेल_ते, छान प्रश्न. पूर्वी अमेरिका साध्या लोकांना मिळणारा जीपीएसचा सिग्नल मुद्दाम बिघडवून सोडायची. शंभर-शंभर मीटरची चूक यायची. 2000 सालच्या मे महिन्यात, 1 आणि 2 तारखेच्या मधल्या रात्री, ती भेसळ बंद झाली आणि एका रात्रीत सगळ्यांची यंत्रं नीट जागा दाखवू लागली. 3 मे रोजी ऑरेगॉन राज्यात डेव्ह अल्मर या गृहस्थाने रानात एक काळी बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. शोधा, वहीत नाव लिहा, एक वस्तू घ्या, एक ठेवा. झाला खेळ सुरू.
आता मूळ प्रश्न. हे सगळं अमेरिकन उपग्रहांच्या जिवावर आहे. कारगिलच्या वेळी त्यांनी आपल्याला जीपीएसची माहिती नाकारली म्हणतात, ते विसरू नका. भारतीय उपग्रहांवर चालणारं आपलं नाविक वापरा.

शेंगाचटणी (11:36)
काका, यंत्र ईट्रेक्स 10 आहे. त्यात जीपीएस आणि रशियाचं ग्लोनास, बास. नाविक त्यात कुठून घालायचं, चमच्याने?

सॅटेलाइट_काका (11:40)
मग यंत्र बदला.

नकाशावाला (गुरुवार, सकाळी 7:15)
यंत्राचा दोष नाही, डेटमचा आहे, म्हणजे अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या कुठल्या मापावरून धरायचे त्या सेटिंगचा. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर होते, जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस 84 वर. यंत्रात मॅप डेटम 'इंडियन' असेल तर एकाच आकड्याला जागा दुसरी येते. सेटअपमध्ये जाऊन डब्ल्यूजीएस 84 करा. दहातल्या नऊ केसेस याच असतात. इंग्रजांनी चेन ओढत मोजलेला देश आणि आपण अजून...

भीमाकाठची (सकाळी 8:02)
डेटमने आपल्या भागात जागा सरकते ती साधारण दीडशे मीटर. किती चुकतंय हे धागाकर्त्याने सांगितलंच नाही, आणि आपण औषध देऊन मोकळे.
@जुळेसोलापूरकर, तीन प्रश्न. किती मीटर चुकतंय आणि कुठल्या दिशेला? फाइल यंत्रात गेली नाही म्हणता, मग यंत्राला जागा कळली कशी? चुकतंय हे कशावरून ठरवलं?

कंपास_गुरू (8:20)
होकायंत्र कॅलिब्रेट करा. हातात धरून इंग्रजी आठचा आकडा काढा, तीन वेळा.

गडभटक्या (8:24)
ईट्रेक्स 10 मध्ये इलेक्ट्रॉनिक होकायंत्रच नाही हो. ते 30 मध्ये आहे. याला दिशा चालताना कळते. उभं राहिलं की बाण कुठंही फिरतो. आठाचा आकडा काढला तर रानमालक पाणाड्या सोडून मांत्रिक समजेल.

जुळेसोलापूरकर (दुपारी 1:10)
जेवायच्या सुट्टीत लिहितोय.
डेटम बघितलं, डब्ल्यूजीएस 84 च आहे.
फाइल गेली नाही म्हणून आकडे हाताने टाकले, दुसरं काय करणार? मित्राने फाइलीबरोबर आकड्यांचा फोटो पण पाठवलाय. चार वेळा तपासले, एकही आकडा चुकला नाही.
फोनचं म्हणाल तर पोरीने तोच फोटो बघून फोनच्या नकाशात आकडे टाकले होते, तिथं वेगळी जागा आली. माळावर, बाभळीच्या रांगेशी. यंत्राची जागा तिथून ईशान्येला, पाचशे साठ मीटर. खूण अशी दिलीय : "तीन दगडांची चूल, तिच्या मागं."

शेंगाचटणी (1:14)
म्हणजे बरोबर जागा पोरीला परवाच सापडली होती आणि बाप ज्वारीत फिरत होता. हे आधी सांगायचं असतं मालक!

जुळेसोलापूरकर (1:17)
अहो, मेहुणे रस्त्याच्या सर्व्हेला वापरतात हे यंत्र. साध्या फोनपेक्षा ते चुकेल कसं?

भीमाकाठची (1:25)
फोटोतला आकडा जसाच्या तसा इथं लिहा. बिंदू, चिन्हं, सगळं. आणि यंत्रात टाकलात तोही.

जुळेसोलापूरकर (1:33)
अंश-मिनिटं लिहीत नाही, नाहीतर तुमच्यापैकी कुणीतरी आधी जाऊन काढेल. उत्तरेकडचा शेवट .412 आणि पूर्वेकडचा .215. यंत्रातही तेच टाकलेत.

भीमाकाठची (1:36)
"तेच" नको. यंत्राच्या पडद्यावर काय दिसतं ते लिहा.

पेठेतला_इंजिनिअर (1:50)
इतकी चर्चा कशाला? जीसॅक टाका कॉम्प्युटरवर. जिओकॅशिंगवाले जगभर तेच वापरतात. डेटाबेस करा, फिल्टर लावा, पॉकेट क्वेरी, म्हणजे जिओकॅशिंगच्या साइटवरची डब्यांची यादी, ओढा, एका वेळी हजार डबे यंत्रात.

गडभटक्या (1:58)
पॉकेट क्वेरी पैसे भरलेल्या सभासदांना मिळते, आणि ती साइटवर नोंदवलेल्या डब्यांची. यांचा डबा मित्राने असाच ठेवलाय. एका डब्यासाठी जीसॅक म्हणजे एका भाकरीसाठी पिठाची गिरणी विकत घेणं.

पेठेतला_इंजिनिअर (2:03)
नोंद नाही तर ते जिओकॅशिंगच नव्हे. नियम आहेत. दोन डब्यांत किमान 161 मीटर अंतर, जमिनीत पुरायचं नाही, खाऊ ठेवायचा नाही. उद्या कुणीही कुठंही डबा ठेवेल आणि म्हणेल जिओकॅशिंग.

शेंगाचटणी (2:06)
पहिली बादली अर्धी पुरलेलीच होती, मग ते पण जिओकॅशिंग नव्हे का?

माळढोक (2:30)
बेवारस डबा कुठं ठेवावा याचं भान ठेवा एवढीच विनंती. स्टेशन, किल्ला, देवळाच्या आसपास नको. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत तर अजिबात नको. पारदर्शक डबा आणि वर "हा खेळाचा डबा आहे" अशी मराठीत चिठ्ठी. नाहीतर तुमची पोरं शोधायच्या आधी बॉम्बशोधक पथक शोधेल.

जुळेसोलापूरकर (संध्याकाळी 7:48)
घरी आल्यावर यंत्र बघितलं. पडद्यावर अंश, मग मिनिटं, मग 41.2 आणि त्यावर दोन टिंबं. खाली 21.5 आणि तशीच दोन टिंबं. बिंदू एक घर सरकलाय, पण तो यंत्रानेच तसा छापलेला आहे. मी फक्त 4, 1, 2 भरले. बरोबर तीन घरं होती.

भीमाकाठची (8:05)
सापडलं. ती दोन टिंबं म्हणजे सेकंद.
मित्राने आकडा दिलाय मिनिटाच्या अपूर्णांकात. .412 मिनिट गुणिले 60 म्हणजे 24.7 सेकंद. तुम्ही टाकलेत 41.2 सेकंद. फरक साडेसोळा सेकंदांचा. अक्षांशाचा एक सेकंद साधारण 31 मीटरचा, म्हणजे तुम्ही उत्तरेला पाचशे मीटरवर सरकलात. पूर्वेकडे .215 मिनिट म्हणजे 12.9 सेकंद, टाकलेत 21.5. फरक 8.6, आपल्याकडे रेखांशाचा सेकंद 29-30 मीटरचा, झाले अडीचशे मीटर. पाचशे उत्तरेला, अडीचशे पूर्वेला. तिरकं अंतर काढा, पाचशे साठच्या पुढंमागं येईल. ईशान्य.
तीन आकडे तीन घरांत चपखल बसले, म्हणून शंका आली नाही. एखादा आकडा .700 असता तर 70.0 सेकंद होतात, ते यंत्राने घेतलेच नसते आणि तुम्ही पहिल्याच दिवशी थांबला असता.
आता करायचं असं. मेन मेनूतून सेटअप, तिथं पोझिशन फॉरमॅट. अंश आणि दशांश मिनिटं असलेला पर्याय निवडा, ज्यात मिनिटांनंतर बिंदू आणि तीन आकडे असतात. जिओकॅशिंगमध्ये सगळीकडे तोच चालतो. फॉरमॅट बदलल्यावर तुमची जुनी जागा .687 आणि .358 अशी दिसेल. ती नव्या कपड्यातली जुनीच चूक आहे, तिला पुसा आणि .412, .215 नव्याने भरा.

नकाशावाला (8:20)
मी म्हटलंच होतं सेटअपमध्ये बघा म्हणून.

शेंगाचटणी (8:22)
तुम्ही डेटम म्हणाला होतात, दादा.

नकाशावाला (8:31)
डेटम आणि फॉरमॅट सेटअपच्या एकाच पानावर असतात.

जुळेसोलापूरकर (8:40)
ताई, दंडवत! .687 दिसतंय खरंच. पुसून नवीन टाकलं, आता बाण पोरीच्या बाभळीकडे दाखवतोय. ती शेजारी बसून "मी सांगत होते" म्हणतेय, पाचव्यांदा.
आता फाइल का जात नाही तेवढं पण सांगा. वायर लावली की यंत्राची स्क्रीन लागते, कॉम्प्युटरवर काहीच येत नाही.

पेठेतला_इंजिनिअर (9:02)
हे माझं काम. वायर कुठली? यंत्राबरोबर आलेली की घरातली?

जुळेसोलापूरकर (9:06)
घरातली. जुन्या स्पीकरची.

पेठेतला_इंजिनिअर (9:15)
मग ती नुसती विजेची वायर आहे, आत डेटाच्या तारा नाहीत. ईट्रेक्स 10 ला मिनी यूएसबी लागते, मायक्रो नव्हे. जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांना असायची ती. कपाटात कॅमेरा असेल तर त्याची काढा, नाहीतर नवी पेठेत मोबाइलच्या दुकानात "डेटावाली मिनी" असं बजावून मागा आणि दुकानातच लावून बघा. बरोबर वायर लागली की पेनड्राइव्हसारखा ड्राइव्ह उघडतो. त्यात गार्मिन नावाचं फोल्डर, त्यात जीपीएक्स, फाइल तिथं टाका. कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही.
आणखी एक. व्हॉट्सॅपवरून आलेल्या फाइलीच्या नावाला शेपूट चिकटतं कधीकधी. शेवटी .gpx च्या जागी दुसरं काही असेल तर यंत्र तिच्याकडे बघणार नाही. विंडोज ते शेपूट लपवतं, आधी ते दाखवायला लावा.

गडभटक्या (9:21)
बघा, जीसॅकशिवाय काम झालं.

पेठेतला_इंजिनिअर (9:23)
हजार डबे झाले की मग बोलू.

वाट्टेल_ते (9:40)
मुलांच्या शाळेच्या बॅगेत ठेवायला हे यंत्र चालेल का? म्हणजे आपल्याला घरबसल्या कळेल ना कुठं आहेत ते?

भीमाकाठची (9:52)
नाही. हे यंत्र उपग्रहांचं फक्त ऐकतं आणि आपण कुठं आहोत ते स्वतःपुरतं ठरवतं. कुणाला काही कळवत नाही. त्यात सिमकार्डच नाही.

जुळेसोलापूरकर (रविवार, दुपारी 2:20)
सापडला! बाभळीपासून दहा पावलांवर तीन दगड, त्यामागं सपाट फरशी, फरशीखाली स्टीलचा डबा. यंत्र शेवटी चार मीटर दाखवून इकडेतिकडे करत होतं, मग पोरींनी ते बाजूला ठेवलं आणि डोळ्यांनी शोधलं. आत वही, पेन्सिल, पाच लाखेच्या बांगड्या आणि मित्राचं पत्र. वहीला दव लागून पहिलं पान चिकटलं होतं. मुलीने नाव दुसऱ्या पानावर लिहिलं.
येताना ज्वारीवाले काका भेटले. लागलं का पाणी, म्हणाले. खरं काय ते सांगितलं, फार पटलं नाही त्यांना. पण पोरींना हुरडा दिला.
फाइलीत दुसऱ्या डब्याची पण जागा निघाली, नान्नजच्या बाजूला आहे.

माळढोक (2:34)
थांबा. माळढोक पक्ष्याच्या अभयारण्याच्या हद्दीत असेल तर जायचं नाही, आणि मित्राला तिथून डबा काढायला सांगा. गवतात जमिनीवर अंडी घालणारा पक्षी आहे तो. त्याच्या माळावर चार पोरी आणि एक यंत्र नको.

जुळेसोलापूरकर (2:41)
नकाशात बघतो आधी. मित्र बंदराला लागला की विचारतो.
मधेच मेहुण्यांचा फोन येऊन गेला. सोमवारी यंत्र पाहिजे म्हणतात, सर्व्हे आहे.

भीमाकाठची (2:44)
देण्याआधी फॉरमॅट परत सेकंदांवर करा. नाहीतर पुढचा धागा ते काढतील.